उधळ्या कोणाला म्हणावे?

खर्च किती झाला हे आकड्यांत सांगता येते. तो योग्य झाला की अयोग्य, हे मात्र त्याला दिलेल्या नावावरून ठरते. दहा हजार रुपयांच्या एकाच खर्चाला मराठी माणूस प्रसंगानुसार हौस, थाट, चैन, बडेजाव, नासाडी किंवा उधळपट्टी म्हणतो, आणि यांतले कोणते नाव वापरायचे हे रकमेइतकेच खर्च करणारा कोण आणि बोलणारा कोण यावरही अवलंबून असते. इंग्रजीत या अर्थाच्या शब्दांचा साठा मोठा आहे. एक्स्ट्रॅव्हॅगंट, प्रॉडिगल, स्पेंडथ्रिफ्ट, प्रॉफ्लिगेट, इम्प्रॉव्हिडंट, लॅव्हिश, वेस्टफुल हे शब्द मराठी विद्यार्थ्याला आज बहुधा स्पर्धा परीक्षेच्या पाठांतराच्या यादीत भेटतात आणि तेथे त्यांतल्या बहुतेकांपुढे ‘उधळ्या’ किंवा ‘खर्चिक’ एवढाच अर्थ लिहिलेला असतो. प्रत्यक्षात प्रत्येकाची घडण वेगळी आहे, दोष देण्याची मात्रा वेगळी आहे, आणि एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील शेतकऱ्याविषयीच्या सरकारी चर्चेत हीच भाषा वापरली गेली असल्यामुळे तिला या भूमीवरचा स्वतःचा इतिहासही आहे. तो इतिहास धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या वाशी तालुक्यासारख्या कोरडवाहू भागातून पाहिला, तर या शब्दांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

शब्दांची चार घराणी

पहिल्या घराण्यातील शब्दांच्या मुळाशी हालचालीची कल्पना आहे. ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ हा शब्द लॅटिनमधील ‘बाहेर’ आणि ‘भटकणे’ या अर्थांच्या दोन पदांपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ हद्दीबाहेर भटकणारा असा होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तो रात्री आपली जागा सोडून फिरणाऱ्या पिशाचासाठी आला आहे, आणि पैशाच्या संदर्भातील आजचा अर्थ इंग्रजीत अठराव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. ‘प्रॉडिगल’च्या मुळाशी ‘पुढे हाकलून देणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ‘स्क्वाँडर’ या क्रियापदाची व्युत्पत्ती निश्चित नाही, परंतु ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ते समुद्रावर चहूकडे विखुरलेल्या जहाजांविषयी वापरलेले आढळते. मराठीतील ‘उधळणे’ याच जातीचे क्रियापद आहे, कारण गुलाल आणि भंडारा उधळला जातो, बैल उधळतो आणि पैसाही उधळला जातो. हातातून सुटलेली वस्तू परत गोळा करता येत नाही, ही जाणीव दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे एकाच रीतीने व्यक्त केली आहे.

दुसरे घराणे अभावाचे आहे. ‘इम्प्रॉव्हिडंट’ म्हणजे ज्याला पुढचे दिसत नाही असा, आणि ‘थ्रिफ्टलेस’ म्हणजे ज्याच्या अंगी काटकसर नाही असा. ‘थ्रिफ्ट’ या शब्दाचा जुना अर्थ भरभराट आणि त्यातून साठलेली पुंजी असा असल्यामुळे ‘स्पेंडथ्रिफ्ट’ म्हणजे साठलेली पुंजी खर्चून टाकणारा; अनेक परीक्षार्थी शेवटचे पद पाहून याचा अर्थ नेमका उलटा करतात. तिसऱ्या घराण्यात नाशाची कल्पना आहे. ‘प्रॉफ्लिगेट’ हा शब्द ‘आपटून पाडणे, धुळीला मिळवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आणि आधी नीतिभ्रष्ट, मग बेबंद खर्च करणारा असा त्याचा प्रवास झाला, म्हणून त्यात चारित्र्यावरचा आरोप आजही शिल्लक आहे. ‘वेस्ट’च्या मुळाशी ओसाड, रिकामा असा अर्थ असून ब्रिटिश महसुली कागदपत्रांत पडीक जमिनीलाही हाच शब्द वापरला जाई. गावाची गुरे ज्या जमिनीवर चरत होती, ती सारा देत नाही एवढ्यावरून कागदोपत्री तिची गणना वायाच्या सदरात होई.

चौथे घराणे वैभवाचे आहे आणि त्यात निंदा जवळजवळ नाही. ‘लॅव्हिश’ हा शब्द मुसळधार पावसाच्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला असून मेजवानीला किंवा सजावटीला लावला की तो कौतुकाचाच ठरतो. ‘लक्झरी’ मध्ययुगीन इंग्रजीत वासना आणि पापाशी जोडलेला होता, तो आज घरांच्या आणि मोटारींच्या जाहिरातीत आढळतो. ‘म्युनिफिसंट’ म्हणजे मुक्तहस्ताने देणारा. म्हणजे रक्कम तीच असली, तरी खर्च करणाऱ्याची समाजातील जागा पाहून त्याला कोणत्या घराण्यातले विशेषण द्यायचे हे ठरते. श्रीमंताच्या लग्नाला ‘लॅव्हिश’ आणि गरिबाच्या लग्नाला ‘इम्प्रॉव्हिडंट’ म्हणण्याची पद्धत येथूनच सुरू होते.

कायदा आणि अर्थशास्त्र

उधळेपणाचा दोष केवळ बोलण्यापुरता राहिला नाही. रोमन कायद्याच्या बारा पाट्यांच्या, म्हणजे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील संहितेच्या, परंपरेत वाडवडिलांची मालमत्ता उडवणाऱ्याला ‘प्रॉडिगस’ ठरवून वेड्या माणसाप्रमाणेच त्याचे व्यवहार पालकाच्या हाती दिले जात. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील दृष्टांतामुळे ‘प्रॉडिगल सन’ हा शब्दप्रयोग जगभर गेला आणि मराठी ख्रिस्ती समाजात तो ‘उधळ्या पुत्र’ म्हणून परिचित झाला. या कथेतील मुलगा शेवटी घरी परततो, त्यामुळे अनेक इंग्रजी बोलणारेही ‘प्रॉडिगल’ म्हणजे परत आलेला असे समजतात, जे चूक आहे.

इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे याचे नियम होते. १५७४ चा जाहीरनामा त्यांपैकी प्रसिद्ध असून १६०४ मध्ये असे कायदे रद्द करण्यात आले. खर्चावर आणि पोशाखावर मर्यादा घालणाऱ्या अशा कायद्यांना इंग्रजीत ‘सम्प्चुअरी’ कायदे म्हणतात. पुढे १७७६ मध्ये ॲडम स्मिथने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये उधळ्या माणसाला समाजाचा शत्रू आणि काटकसरी माणसाला समाजाचा उपकारकर्ता मानले, कारण त्याच्या मते बचतीतून भांडवल उभे राहते आणि भांडवलातून मजुरांना काम मिळते. मात्र त्याच प्रकरणात त्याने राजे आणि मंत्री यांनाही सोडले नाही. सामान्यांच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचा आव आणणारे हे लोकच समाजातले सर्वांत मोठे उधळे असतात, असे त्याने स्पष्टपणे म्हटले. दख्खनमधील पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास या विधानाशी ताडून पाहण्याजोगा आहे.

दख्खनचा शेतकरी आणि एक शिक्का

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, भारतीय कापसाला मोठी किंमत आली आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागले. युद्ध संपताच भाव घसरले, सावकारांनी हात आखडले आणि त्याच सुमारास झालेल्या फेरआकारणीत शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या, आणि हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकरी कर्जबाजारी का झाला याचे उत्तर तेव्हाच्या अनेक अधिकाऱ्यांकडे आणि शहरी सुशिक्षितांकडे तयार होते. तो ‘इम्प्रॉव्हिडंट’ आहे, लग्नकार्यात आणि सणवारात ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ आहे, म्हणजे ऋण काढून सण करतो, असे हे उत्तर होते.

या उत्तराला पहिला ठोस छेद सरकारनेच नेमलेल्या आयोगाने दिला. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या या आयोगाने नोंदवले की, लग्न आणि इतर समारंभांवरील खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. रयतेच्या ऐपतीच्या मानाने असा खर्च जास्त वाटतो हे आयोगाने मान्य केले, परंतु असे प्रसंग क्वचित येतात आणि अनेक वर्षांची बेरीज केली तर त्या स्थितीतल्या माणसाने सांसारिक आनंदासाठी करावा त्याहून तो खर्च अधिक नसतो, असा निष्कर्षही काढला. १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जाचा मागचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, तो या चौकशीनंतरच.

जोतीराव फुले यांनी याच आरोपाचा समाचार १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात घेतला. शेतकरी लग्नकार्यात बेसुमार खर्च करून कर्जात बुडतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी शेतकऱ्याच्या घरचे लग्न प्रत्यक्षात किती साधे असते हे तपशिलाने दाखवले आणि सारा, पट्ट्या, कचेरीतील लाचलुचपत व धर्मविधींच्या नावाने होणारी वसुली यांकडे बोट दाखवले. हेच फुले दुसरीकडे सत्यशोधक समाजाच्या माध्यमातून, म्हणजे १८७३ पासून, पुरोहिताविना आणि अल्प खर्चात लग्ने लावण्याचा आग्रह धरत होते. या दोन भूमिकांत विसंगती नाही, कारण खर्च कमी करण्याचा सल्ला देणे आणि दारिद्र्याचे खापर खर्चावर फोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि फुल्यांनी पहिली स्वीकारून दुसरी नाकारली.

वाशीचा परिसर त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारची बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात होती. त्यामुळे १८७९ च्या कायद्याचे संरक्षण बार्शीच्या शेतकऱ्याला लाभले, तर हद्दीअलीकडच्या शेतकऱ्याला तो लागू नव्हता, जरी दोघांची जमीन, पाऊस आणि ज्वारीचे पीक सारखेच होते.

दुष्काळातील काटकसर

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या महादुष्काळात हाच शब्दसंग्रह अधिक कठोरपणे वापरला गेला. १८७३–७४ मध्ये बिहारवर दुष्काळाचे संकट आले असता सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर तांदूळ आणवून उपासमारीने होणारे मृत्यू जवळजवळ टाळले होते. या कामगिरीबद्दल त्यांच्या वाट्याला गौरवापेक्षा खर्चिकपणाची टीकाच अधिक आली आणि सरकारी पैसा उधळणारा अधिकारी अशी त्यांची प्रतिमा झाली. त्यानंतर १८७७ च्या आरंभी त्यांना दक्षिणेतील दुष्काळनिवारणाच्या पाहणीसाठी पाठवले गेले, तेव्हा हा ठपका पुसून टाकण्याची संधी त्यांनी घेतली. कामावरील मजुराला दिवसाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडी चिल्लर पुरेल असा हिशेब त्यांनी मांडला, तो ‘टेंपल वेतन’ या नावाने ओळखला जातो. मुंबई इलाख्यातील कामांवरच्या मजुरांनी या वेतनाविरुद्ध काम बंद ठेवले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. माणसे वाचवणारा खर्च ‘एक्स्ट्रॅव्हॅगन्स’ ठरला की पुढच्या दुष्काळात काय होते, याचे हे उदाहरण आहे.

याच दिवसांत, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत भव्य दरबार भरवला. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी तेथे हाताने कातलेल्या सुताच्या कपड्यांत उपस्थित राहिले. दरबारावरील खर्चाला सरकारी भाषेत वैभव आणि प्रतिष्ठा म्हटले गेले. पुढच्या पिढीतील भारतीय नेत्यांनी मग शब्दच उलटवला. भारताच्या राज्यखर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये लंडनला साक्ष दिली आणि सैन्यावर व परदेशी अधिकाऱ्यांच्या पगारांवर होणारा खर्च या गरीब देशाला न परवडणारा आहे, हे आकड्यांनिशी दाखवले. उधळ्या रयतेऐवजी उधळे राज्य हा चर्चेचा विषय झाला.

निजामाच्या घराण्यातील दोन टोके

धाराशिव जिल्ह्याला दीर्घकाळ उस्मानाबाद हे नाव होते ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले. खर्चाविषयीच्या शब्दांची दोन्ही टोके या घराण्यात लागोपाठच्या दोन पिढ्यांत दिसतात. सहावे निजाम महबूब अली खान शौकासाठी प्रसिद्ध होते, आणि पुरानी हवेलीतील त्यांचे लांबलचक कपडेघर व १८९१ मध्ये वादग्रस्त ठरलेला जेकब हिऱ्याचा सौदा यांची चर्चा लांबवर झाली. त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांना १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले, पण लोकांत ते कवडीचुंबक म्हणूनच ओळखले गेले आणि वडिलांचा हिरा ते कागदावर वजन म्हणून ठेवत, अशी ख्याती पसरली.

इंग्रजीत काटकसरीच्या बाजूलाही असाच भेद आहे. ‘फ्रुगल’ आणि ‘थ्रिफ्टी’ हे प्रशंसेचे शब्द, तर ‘स्टिंजी’, ‘पार्सिमोनियस’ आणि ‘मायझर’ हे निंदेचे. मराठीत ‘काटकसरी’ आणि ‘चिक्कू’ यांत जे अंतर आहे तेच हे अंतर. विशेष असे की, जेकब हिऱ्यासह निजामाचे जवाहीर भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, म्हणजे एका पिढीची चैन आणि दुसऱ्या पिढीचा कंजूषपणा दोन्ही शेवटी सार्वजनिक ठेव्यात जमा झाले. या सर्व काळात ज्यांच्या साऱ्यावर खजिना भरत होता, त्या मराठवाड्यातील रयतेच्या वाट्याला मात्र यांपैकी कोणतेही विशेषण आले नाही.

तेरखेड्याची शोभेची दारू आणि लग्नाचा खर्च

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे आणि तमिळनाडूतील शिवकाशीशी त्याची तुलना केली जाते. फटाका हे उधळपट्टीचे सर्वांत शुद्ध उदाहरण मानले जाते, कारण विकत घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत जळून जाते आणि मागे कागदाचा कचरा व धूर उरतो. इंग्रजीत ज्याच्याकडे पैसा फार झाला आहे त्याच्याजवळ जाळण्याइतका पैसा आहे असे म्हणतात, ते येथे अक्षरशः घडते. तरीही वरातीत आणि दिवाळीत जळणारी ही माळ तयार करण्यासाठी या कोरडवाहू पट्ट्यातील कुटुंबांना मजुरी मिळते. बर्नार्ड मँडेव्हिल याने १७१४ च्या ‘फेबल ऑफ द बीज’ या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता की, श्रीमंतांची चैन थांबली तर शिंपी, सोनार, गवंडी सगळेच बेकार होतील. जॉन मेनार्ड केन्स यानेही १९३६ मध्ये मंदीच्या काळात सर्वांनी एकदम बचत केली तर सर्वांचेच उत्पन्न घटते, हे दाखवताना मँडेव्हिलचा आधार घेतला.

परंतु हा युक्तिवाद अर्धाच आहे. दारूकामात स्फोट होतात, कामगार भाजतात आणि मरतात, आणि तेरखेड्याच्या परिसरानेही असे अपघात पाहिले आहेत. म्हणून उधळपट्टीचा हिशेब करताना घेणाऱ्याच्या खिशातून गेलेले रुपये आणि करणाऱ्याला मिळालेली मजुरी यांच्यासोबत तिसरे कलमही धरावे लागते, ते म्हणजे धोका कोणी पत्करला. ‘वेस्टफुल’ हा शब्द फक्त पहिले कलम मोजतो.

लग्नाच्या खर्चात हा गुंता आणखी वाढतो. थॉर्स्टिन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. प्रतिष्ठा मिळवण्यासाठी खर्च दिसावा लागतो आणि दिसण्यासाठी तो थोडा वाया जावा लागतो, असा तिचा आशय आहे. मानाचे फेटे, टॉवेल-टोपीचे आहेर, डीजे, वरात आणि पंगतींवर पंगती यांचे स्पष्टीकरण त्यातून बऱ्यापैकी मिळते. मात्र मुलीच्या बापाने केलेल्या खर्चाला ही कल्पना पुरी पडत नाही. १९६१ पासून हुंड्याला कायद्याने बंदी असूनही मानपानाच्या नावाखाली जे मागितले जाते ते देणाऱ्याला हौसेचा भाग वाटत नाही, आणि त्यासाठी जमीन विकणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेणाऱ्या माणसाला ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ म्हणणे म्हणजे वसुलीला खर्च म्हणणे होय.

कायद्याने या प्रश्नाला हात घालण्याचा प्रयत्न संसदेतही झाला. तत्कालीन लोकसभा सदस्य रंजीत रंजन यांच्या २०१६ च्या खासगी विधेयकाच्या नावातच ‘वेस्टफुल एक्स्पेंडिचर’ हे शब्द होते आणि लग्नावर ५ लाख रुपयांहून अधिक खर्च करणाऱ्याने त्याच्या १० टक्के रक्कम गरीब मुलींच्या लग्नांसाठीच्या निधीला द्यावी अशी तरतूद त्यात सुचवली होती. त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्र शासनाच्या शुभमंगल योजनेने सामूहिक किंवा नोंदणी विवाह करणाऱ्या शेतकरी कुटुंबांतील मुलींसाठी अनुदानाची वाट निवडली. गावांनी स्वतःची वाटही काढली आहे. साखरपुड्याला जमलेल्या पाहुण्यांतच लग्न उरकून घेण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात रुळली असून तिला कोणी कमीपणा मानत नाही.

शब्द वापरताना

इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी वाचकाने या शब्दांतून निवड कशी करावी, याचा व्यवहारी नियम वरील विवेचनातून निघतो. एखाद्या खर्चाचे प्रमाण सुटले एवढेच सांगायचे असेल तर ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ पुरेसा आहे. उधळेपणा हा माणसाचा स्थायी स्वभाव आहे असे म्हणायचे असेल तर ‘स्पेंडथ्रिफ्ट’ वापरावा, आणि वारशाने आलेली मालमत्ता बेफिकिरीने उडवली गेली असेल तर ‘प्रॉडिगल’ अधिक नेमका ठरतो. ‘प्रॉफ्लिगेट’मध्ये नैतिक आरोप असल्याने तो जपून वापरावा, सार्वजनिक पैशाच्या बेजबाबदार खर्चाला मात्र तो शोभतो. कौतुक करायचे असेल तर ‘लॅव्हिश’, आणि पैशाखेरीज पाणी, वीज किंवा अन्न यांची नासाडी सांगायची असेल तर ‘वेस्टफुल’. ‘इम्प्रॉव्हिडंट’ हा शब्द गरिबाविषयी लिहिताना टाळलेलाच बरा, कारण ज्याच्या हाती पुढच्या हंगामाचा पाऊस नाही आणि मालाचा भावही नाही, त्याला दूरदृष्टी नसल्याचा दोष देणे दख्खनच्या आयोगालाही दीडशे वर्षांपूर्वी पटले नव्हते.

कोणताही शब्द लावण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: पैसा कोणाचा होता, खर्च स्वखुशीने झाला की दबावाने, आणि त्याचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर बसले. या कसोटीवर स्वतःच्या घामाच्या पैशातून पोराच्या लग्नात एक माळ उडवणारा वाशी तालुक्यातील शेतकरी हौशी ठरतो, आणि दुसऱ्याच्या साऱ्यावर दुष्काळात दरबार भरवणारा राज्यकर्ता उधळ्या ठरतो.